झीज कुणी केली? जुन्या जीपचा गिअरबॉक्स पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

करूळ घाट उतरताना दुसरा गिअर पहिल्यांदा सुटला तेव्हा वाटलं, आपलाच गुडघा लागला असेल. मागे खताच्या गोण्या, समोर उतार, आणि लिव्हर आपोआप न्यूट्रलला. इंजिनाची ओढ गेली की जड जीप कशी सुटते, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. वैभववाडीपर्यंत डाव्या हाताने लिव्हर दाबून धरली आणि उजव्या हाताने स्टीअरिंग सांभाळलं.

त्या वर्षी दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना गती जुळवणारी कडी) आणि स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती दातेरी कडी) बदलली. पावसाळा संपला, आंबा सुरू झाला, आणि पुढच्याच घाटात गिअर पुन्हा सुटला. नवीन रिंग वर्षभरात संपली होती, कारण ती ज्याच्यामुळे झिजत होती तो भाग मी तसाच आत ठेवला होता. नवख्याचं इथेच चुकतं. झिजलेला भाग डोळ्यांना दिसतो, झिजवणारा दिसत नाही. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्या दुसऱ्याला शोधण्यासाठी आहे.

आधी आपली गाडी ओळखा

आपल्याकडच्या वाड्यांत दोन घराणी जास्त दिसतात. एक विलिस या अमेरिकी कंपनीच्या वंशातली जीप. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत या जीप भारतात जोडायला सुरुवात केली आणि त्याच घडणीवर पुढे कितीतरी मॉडेलं निघाली. दुसरी मारुतीची जिप्सी, १९८५च्या अखेरीस आलेली. जीपमध्ये ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने बसलेली असते. जिप्सीत ती वेगळी, मध्ये छोटा प्रोपेलर शाफ्ट (ताकद पोचवणारा फिरता दांडा). म्हणजे जिप्सीचा गिअरबॉक्स एकटा उतरतो, जीपचा उतरवताना बहुतेक वेळा दोन्ही डबे एकत्र खाली येतात.

जुन्या तीन गिअरच्या टी-९० गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच. चालत्या गाडीत पहिला टाकताना तो 'कर्रर्र' करणारच. ते दुखणं नव्हे. रिव्हर्सचंही बहुतेक जुन्या गाड्यांत तसंच. मी एकदा एकाची जीप 'पहिला गिअर खराब' म्हणून तपासायला गेलो आणि त्याला गाडी पूर्ण थांबवून गिअर टाकायला शिकवून परत आलो.

आतली माणसं थोडक्यात सांगतो. क्लचकडून येतो तो टॉप शाफ्ट. त्याच्या रांगेत मागे मेन शाफ्ट. दोघांच्या खाली ले शाफ्ट, ज्याच्यावर गिअरांची अख्खी माळ एकसंध असते. मेन शाफ्टचं पुढचं टोक टॉप शाफ्टच्या पाठीमागच्या खोबणीत शिरतं आणि तिथे बारीक रोलर असतात. ही जागा लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. स्लीव्ह पुढे-मागे सरकवतो तो फोर्क, आणि दोन वेगळ्या गतींना क्षणभर एकत्र आणते ती पितळी सिंक्रो रिंग.

उघडण्याआधी कान लावा

आमच्या गावचे म्हातारे मिस्त्री एकच वाक्य ऐकवायचे: "पेटी मगे उघड रे, आधी क्लच बघ." अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

इंजिन चालू, गाडी सपाटीवर उभी. क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. इतकं थांबूनही कर्रर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडलचा प्ले (मोकळी हालचाल), लिंकेज किंवा केबल, प्लेट यांपैकी कुठेतरी घोळ आहे. सगळेच गिअर त्रास देत असतील तरी संशय क्लचवर. एकच गिअर कुरकुरत असेल आणि डबल क्लच केल्यावर (न्यूट्रलला क्लच एकदा सोडून पुन्हा दाबल्यावर) लोण्यासारखा पडत असेल, तर त्या गिअरची रिंग गेली.

आता आवाज. न्यूट्रलमध्ये, पेडल मोकळं असताना गुरगुर येते आणि पेडल दाबलं की थांबते: टॉप शाफ्टचं किंवा ले शाफ्टचं बेरिंग, कारण पेडल मोकळं असताना तेवढेच फिरत असतात. उलट, दाबल्यावरच आवाज येतो: रिलीज बेरिंग, किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेरिंग. गाडी चालवून बघा. टॉपला, म्हणजे सर्वांत वरच्या गिअरला (पाच गिअरच्या पेटीत चौथ्याला), टॉप शाफ्ट आणि मेन शाफ्ट थेट जोडलेले असतात, ले शाफ्ट नुसता मोकळा फिरतो. म्हणून खालच्या सगळ्या गिअरांत रडणारी पेटी टॉपला शांत होत असेल, तर ले शाफ्ट आणि त्याची बेरिंगं बघा. एकाच गिअरला आवाज असेल तर त्या गिअरचे दात.

ॲक्सिलरेटर सोडताना आणि दाबताना 'टक्क' वाजतं म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका. आधी गाडीखाली झोपून प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस हाताने हलवा. बऱ्याच वेळा तेच असतं, आणि ते काम दुपारभराचं.

गिअर सुटत असेल तर तो कधी सुटतो ते वहीत लिहा: चढावर जोर देताना, की उतारावर जोर सोडल्यावर? मग बाहेरच्या बाहेर तीन गोष्टी बघा. गिअरबॉक्सचं मागचं माउंटिंग रबर बसलंय का, बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या कवचाचे) बोल्ट ढिले आहेत का, आणि फोर्क ज्यावर बसतो त्या रॉडला खाचेत धरून ठेवणारी गोळी आणि स्प्रिंग. ती बऱ्याच पेट्यांत वरच्या झाकणातच असते, झाकण काढून बघता येते. तुटकी स्प्रिंग फारशी महाग नसते. तिच्यासाठी सगळा डबा खाली उतरवणारे लोक मी पाहिलेत.

आणि माझ्यासारखी लिव्हर धरून गाडी चालवू नका. सतत दाबलेला फोर्क फिरत्या स्लीव्हच्या खाचेत घासत राहतो. मी दुसऱ्या गिअरचा फोर्क अशाने स्वतःच्या हाताने झिजवला.

तेल बोलतं

तेल काढताना फिलर प्लग (तेल भरायचा) आधी उघडा, ड्रेन (तेल सोडायचा) नंतर. खारी हवा लागलेला फिलर प्लग कधीकधी हलतच नाही. खालून सगळं तेल सांडल्यावर ते कळलं तर गाडी जागच्या जागी अडकली. गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून तेल कोमट झाल्यावर काढा, म्हणजे तळातला गाळही येईल.

परातीत पडलेलं तेल उन्हात तिरकं धरून बघा. राखाडी-काळी मऊ पेस्ट ही रोजची झीज, ती सोडून द्या. सोनेरी चकाकी तरंगत असेल तर पितळ: सिंक्रो रिंग किंवा थ्रस्ट वॉशर (गिअरला पुढे-मागे सरकू न देणारी चकती). बोटांत टोचणारे पोलादाचे पापुद्रे म्हणजे बेरिंगच्या वाटेचा (गोळ्या धावतात त्या भागाचा) किंवा दाताचा कडक थर सुटलाय. ड्रेन प्लगला चुंबक नसेल तर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून परातीत फिरवा. पिशवी उलटी केली की सगळा चुरा कागदावर.

आपल्याकडे मात्र सर्वांत जास्त दिसणारं तेल वेगळंच: दुधाच्या चहासारखं. हे पाणी. धावून तापलेला गिअरबॉक्स पऱ्यातल्या (ओढ्यातल्या) गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदरचं (डब्यातली हवा आत-बाहेर होण्याचं) भोक तांबड्या चिखलाने बुजलेलं असेल तर ती ओढ सीलच्या ओठातून पाणी आत घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर तो स्वतःच पाणी पितो. गाडी नंतर आठवडाभर उभी राहिली की बेरिंगच्या वाटेवर गंजाचे ठिपके पडतात, आणि प्रत्येक ठिपका हा पुढच्या पापुद्र्याचा जन्म. कोकणातल्या झिजलेल्या गिअरबॉक्सांच्या मुळाशी वय कमी आणि हे पाणीच जास्त असतं, असं माझं मत होत चाललंय.

उतरवणं

दिवस निवडा दिवाळीनंतरचे. हवा कोरडी, आंब्याची घाई अजून लांब. आषाढात उघडं पडलेलं बेरिंग एका रात्रीत तांबूस होतं.

गाडी लोखंडी घोडीवर घ्या. चिऱ्यांच्या थप्पीवर अजिबात नको. चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकतो, पण एका कोपऱ्यावर भार आला की न सांगता फुटतो, आणि तेव्हा खाली तुम्ही असता. आणखी एक: विलिस घडणीच्या बऱ्याच जीपमध्ये हॅंडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला असतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडला की हॅंडब्रेक कितीही ओढा, चाकं मोकळीच. चाकांना पुढून-मागून ओंडके लावल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करू नका.

बॅटरीची वायर काढा. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही बाजूंना पंचने खूण करून मग सोडा. स्पीडोमीटर केबल, क्लचचं लिंकेज, लिव्हर, मधला आडवा मेंबर. बेल हाउसिंगच्या वरच्या दोन बोल्टांच्या जागी दोन लांब बोल्ट डोकी कापून लावा. त्या दांड्यांवरून डबा सरळ मागे सरकतो आणि पुढे बसवतानाही तसाच सरळ जातो. डब्याचं वजन क्षणभरही टॉप शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटवर लोंबू देऊ नका. प्लेटचा हब वाकतो आणि मग नवी कुरकुर सुरू. खाली ट्रॉली जॅक आणि बाजूला एक धडधाकट माणूस हवाच.

टेबलावर

बाहेरून केरोसीनने स्वच्छ धुतल्याशिवाय झाकण उघडू नका. जांभ्याची तांबडी धूळ आत गेली तर ती पॉलिश पेपरचं काम करते. एकेक भाग निघेल तसा वर्तमानपत्रावर त्याच क्रमाने मांडा, मोबाइलवर फोटो काढत जा. सुटे रोलर असतील तर मोजून आकडा लिहा. मी एकदा मोजले नाहीत आणि शेवटी बशीत एक उरला. रात्री साडेदहाला पुन्हा सगळं खोललं.

बेरिंगपासून सुरुवात करा. धुवा, वाळवा, दोन थेंब तेल द्या आणि कानाजवळ धरून हाताने सावकाश फिरवा. खडखड, अडखळ, निळसर झाक, गंजाचा ठिपका, यातलं एक जरी असेल तर ते बाद. हवेच्या प्रेशरने गरागरा फिरवू नका, कोरडं बेरिंग त्या वेगाने फुटू शकतं.

मग टॉप शाफ्टच्या मागची ती खोबण. मेन शाफ्टचं टोक तिथे बसवून वरखाली हलवा. माझ्या जीपमध्ये इथेच चोर सापडला. रोलर आणि टोक दोन्ही झिजल्याने मेन शाफ्ट जोर आला की किंचित वाकडा व्हायचा. स्लीव्ह दुसऱ्या गिअरच्या दातांना सरळ न भिडता तिरकी भिडायची आणि प्रत्येक फेऱ्याला केसभर मागे सरकत शेवटी सुटायची. वर माउंटिंगचं रबरही बसलेलं. रिंग बिचारी फक्त मार खात होती.

सिंक्रो रिंग गिअरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) ठेवून बोटांनी दाबा आणि फिरवा. चांगली रिंग पकडते, गेलेली घसरते. दाबून धरलेली असताना रिंग आणि गिअरचे दात यांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने) तीन-चार ठिकाणी मोजा. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा हाच खरा, पण ढोबळ अंदाज हवा तर नव्या रिंगला ही फट बहुधा १ मिमी किंवा त्याहून थोडी जास्त असते, आणि ०.५ मिमीच्या आसपास आली की रिंग संपली समजा. रिंगच्या आतल्या बारीक रेषांवरून नख फिरवा. नख अडखळलं तर रेषा जिवंत आहेत; गुळगुळीत लागली तर तेल फाडून पकड घेण्याची तिची ताकद गेली.

स्लीव्हचे आणि गिअरचे छोटे दात बघा. टोकं शिसपेन्सिलीसारखी अणकुचीदार हवीत. गोल झालेली टोकं म्हणजे वर्षानुवर्षं कर्रर्र सोसलेली. फोर्कचं टोक स्लीव्हच्या खाचेत ठेवून फट मोजा. बऱ्याच पेट्यांना १ मिमीच्या वर चालत नाही. मोठ्या दातांच्या अंगावर मुंगीने खाल्ल्यासारखे खड्डे आहेत का, कडा उडाल्यात का, ते भिंगातून पाहा.

ट्रान्सफर केस सोबत उतरलीच आहे तर तीही उघडा. विलिस घडणीत मधल्या गिअरचा एक आडवा शाफ्ट असतो, त्यावर थेट रोलर धावतात. बाहेर काढून त्यावरून नख फिरवा. पायरी लागली तर शाफ्ट आणि रोलर दोन्ही नवे घ्या, नुसते रोलर नकोत. गिअरबॉक्समधलं तेल कमी आणि ट्रान्सफरमधलं जास्त, असं दर वेळी दिसत असेल तर तेल एकातून दुसरीत जातंय. दोन्ही डब्यांची पातळी एकत्रच तपासण्याची सवय लावून घ्या.

काय दुरुस्त होतं, काय नाही

गिअरचा दात वेल्डिंग करून भरून देणारे लोक आहेत. भरू नका. दाताचा वरचा कडक थर जेमतेम मिलिमीटरभराचा असतो, आत मऊ पोलाद. वेल्डिंगची धग त्या थराचा जीव घेते. दात दिसायला सुंदर होतो आणि पहिल्या चढणीला सोलतो. गिअर बदलताना त्याच्याशी भिडणारा जोडीदारही बदला, हब (स्लीव्ह ज्याच्यावर सरकते तो भाग) आणि स्लीव्ह जोडीने घ्या. झिजलेल्याशी नवा भिडला की नवाही त्याच वळणाने झिजतो. फोर्कच्या टोकावर मात्र पितळ भरून घासून घेता येतं, चांगल्या हाताचं असेल तर टिकतं. डब्याचं बेरिंगचं घर मोठं झालं असेल तर बोरिंग करून स्लीव्ह घाला. पंचने भोवती ठोके मारून बेरिंग घट्ट करण्याची युक्ती चार महिने चालते.

सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर खोबण पडली असेल तर नवं सीलही गळणार. सील एक-दोन मिलिमीटर आतबाहेर बसवून ओठ कोऱ्या जागी आणा, किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवा.

बेरिंग गाडीच्या नावाने मागू नका, त्यावर कोरलेल्या नंबराने मागा. ६२०६ मध्ये शेवटच्या ०६ ला पाचाने गुणा: आतला व्यास ३० मिमी. ६२०७ म्हणजे ३५ मिमी. पुढची अक्षरंही उतरवून घ्या. 'एन' म्हणजे बाहेर रिंगसाठी खाच, 'एनआर' म्हणजे खाचेसोबत रिंगही, 'सी३' म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. दुकानदार '२आरएस' देऊ लागला तर विचारा: ते दोन्ही बाजूंनी रबराने बंद असतं, आणि गिअरबॉक्सच्या उघड्या बेरिंगला तर डब्यातलं तेल लागतं.

गिअर आणि रिंगांसाठी आम्ही कोल्हापूरला जातो. लेथ, बोरिंगची कामं उद्यमनगरात होतात. जुने सुटे भाग मुंबईत कुर्ल्याला. जुना गिअर घेताना खिशात आपला मोडका गिअर असू द्या, दात मोजून आणि शेजारी ठेवूनच पैसे द्या.

पुन्हा बसवताना

शाफ्टवर बेरिंग चढवताना जोर आतल्या रिंगवर, डब्यात बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलट केलं तर गोळ्यांचा ठसा वाटेवर उठतो आणि नवं बेरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. घट्ट बेरिंग तेलात साधारण १०० अंशांपर्यंत तापवलं की हाताने सरकतं; ज्योत थेट लावू नका.

ले शाफ्टला सुटे रोलर असतील तर खरा शाफ्ट नंतर. त्याच जाडीचा, पण गिअरच्या माळेएवढाच लांब, एक नकली दांडा करून घ्या. मी पेरूच्या लाकडाचा लेथवर फिरवून घेतला, अजून तोच वापरतो. ग्रीसमध्ये रोलर चिकटवायचे, दांडा आत, माळ डब्यात खाली ठेवायची, आणि खरा शाफ्ट ठोकत नेला की लाकडी दांडा पलीकडून बाहेर पडतो. माळेच्या दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर आणि मधला प्ले इथेच मोजून घ्या, नंतर हात पोचत नाही.

गॅस्केटच्या जागी सिलिकॉन फासून मोकळं होऊ नका. काही झाकणांत गॅस्केटच्या जाडीवरच बेरिंगचा दाब ठरतो. आणि रॉडांच्या मधली ती बारीक इंटरलॉक पिन! ती टेबलावरच राहिली तर दोन गिअर एकदम पडू शकतात. माझी एकदा राहिली होती. अंगणातच गाडी अशी जाम झाली की घरच्यांना वाटलं इंजिन गेलं.

डबा गाडीखाली नेण्याआधी टेबलावरच टॉप शाफ्ट हाताने फिरवत प्रत्येक गिअर टाकून बघा. जिथे हाताला अडतं तिथे रस्त्यावर मोडतं.

तेल आणि पहिला महिना

पितळी रिंगा असलेल्या जुन्या पेटीला जीएल-४ दर्जाचं तेल घाला, मॅन्युअलमध्ये असेल त्या जाडीचं. या गाड्यांना साधारण ९० किंवा ८०डब्ल्यू-९०. जीएल-५ अधिक चांगलं म्हणून गळ्यात मारलं जातं. ते डिफरन्शियलसाठी चांगलं असतं, पण त्यातली गंधकाची द्रव्यं पितळाला हळूहळू खातात. फिलरच्या भोकाच्या काठापर्यंत भरा, गाडी सपाट असताना. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंचावर बांधून टाका.

पाचशे किलोमीटरनंतर पहिलं तेल काढून त्याच परातीत, त्याच चुंबकाने बघा. थोडी राखाडी पेस्ट असेल. नवे भाग एकमेकांना सरावतात. पापुद्रे दिसले तर पुढचा घाट चढायच्या आधी झाकण उघडा. आणि मृगानंतर ज्या दिवशी पऱ्यात पाणी चाकाच्या हबच्या वर चढेल, त्याच्या दुसऱ्या सकाळी, गाडी सुरू करण्याआधी ड्रेन प्लग अर्धा फेरा ढिला करून पहिले दोन थेंब तळहातावर घ्या. पाणी तेलापेक्षा जड असतं, रात्रीत ते तळाला बसतं, आणि असलंच तर आधी तेच येतं.